आकड्याची साक्ष

ग्रंथकारानें काळ नोंदला नसेल, तर ग्रंथाचें वय ठरवावें कसें? ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अ‍ॅक्विनस इ. स. १२७४ मध्यें निवर्तले. अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘मेटॅफिजिक्स’ ग्रंथांतील ईश्वरविचाराचा खंड ते आधीं अकरावा म्हणून सांगतात, पुढें मात्र बारावा म्हणून. कां? जुन्या लॅटिन भाषांतरांत त्याच्या अलीकडचा एक खंड नव्हता. मूर्बेकच्या विल्यमनें तो भाषांतरून घातला, आणि सुमारें १२७१ पासून थॉमस नवा क्रमांक देऊं लागले. एवढ्याशा आकड्यावरून त्यांच्या लेखनाचें पौर्वापर्य लागतें. तें चुकलें, तर आरंभींचें मत अखेरचा सिद्धान्त ठरेल! मात्र नकलकारहि आकडा बदलूं शकतो. म्हणून विवेकी इतिहासकार दुसरी साक्ष काढल्यावांचून निकाल देत नाहीं.