ताऱ्यांचे वय आणि दीर्घिकेचे वय

दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे मंदावले होते. जर्मन नागरिक म्हणून युद्धकामापासून दूर राहिलेल्या वाल्टर बाडे यांना माउंट विल्सनची शंभर इंची दुर्बीण आणि काळेभोर आकाश दोन्ही लाभले. देवयानी दीर्घिकेचा गाभा आणि तिच्या दोन लंबगोल सोबतिणी यांतले तारे त्यांनी सुटे करून दाखवले आणि १९४४ मध्ये ताऱ्यांचे दोन वर्ग मांडले. सर्पिल भुजांतले तेजस्वी निळे तारे पहिल्या वर्गात, लंबगोल दीर्घिकांतले तांबडे तारे दुसऱ्या वर्गात. हे तांबडे तारे म्हातारे, म्हणून लंबगोल दीर्घिकाही तितकीच म्हातारी, वायूचा एक ढग कोसळून ती एकदाच घडली, हा समज पुढे पक्का झाला. माझ्या मते गफलत इथेच झाली: तारे केव्हा जन्मले आणि ते एकत्र केव्हा आले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

१९७७ मध्ये अलार टूमरे यांनी सुचवले की दोन सर्पिल दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की लंबगोल दीर्घिका तयार होते. त्यावर आलेले आक्षेप पोकळ नव्हते. लंबगोल दीर्घिकांभोवती गोलाकार तारकागुच्छ फार असतात. दोन सर्पिलांची नुसती बेरीज करून तेवढे भरत नाहीत. पण टकरीत वायू दाबला जाऊन नवे गुच्छ जन्मत असतील तर? कुंभ राशीतल्या ‘एनजीसी ७२५२’ या विलीन झालेल्या जोडीत हबल दुर्बिणीला १९९० च्या दशकात नेमके असे तरुण, भरगच्च गुच्छ दिसले. फ्रान्सोआ श्वाइट्झर यांनी तर १९८२ मध्येच दाखवले होते की तिचा प्रकाश मध्यापासून कडेकडे लंबगोल दीर्घिकेसारखाच मावळत जातो.

दुसरा आक्षेप अधिक चिवट. महाकाय तारे काही कोटी वर्षांतच फुटून मॅग्नेशियम उधळतात. लोहाचा मोठा वाटा श्वेत बटूंच्या स्फोटांतून, बराच उशिरा येतो. थोर लंबगोल दीर्घिकांत लोहाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त आहे, म्हणजे त्यांचे बहुतेक तारे लोह साठण्याआधी, घाईने जन्मले. आजच्या संथ सर्पिलांच्या मिसळणीतून हे साधणार नाही, हे मान्यच करावे लागते. मात्र यातून टूमरे यांच्या कल्पनेतले घटक बदलतात, विलीनीकरण खोटे ठरत नाही. वायूने भरलेल्या आद्य दीर्घिकांत तारे झपाट्याने घडले आणि वायू संपलेल्या, आधीच म्हाताऱ्या दीर्घिका नंतर एकत्र आल्या, तर नवे तारे जवळजवळ न जन्मताही नवी दीर्घिका उभी राहते. २००५ मध्ये पीटर व्हान डोकुम यांनी जवळच्या लाल दीर्घिकांची अतिशय खोल छायाचित्रे तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक दीर्घिकांभोवती अशाच विलीनीकरणातल्या गुरुत्वाच्या ओढाताणीचे फिकट, तांबूस पट्टे आढळले.