पलटणीचं दार

पहाटे पाचला मैदानावर आपली पोरं धावतात. कुणाच्या पायात फाटके बूट, कुणी अनवाणीच. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढायचे, मग बीमवर लोंबकळायचं, नऊ फुटी खड्डा मारायचा. भरतीची तयारी. त्यांना हिणवू नका, दोस्तांनो. डोळे झाकून टाळ्याही वाजवू नका. हे दार किती वेळा उघडलं नि किती वेळा तोंडावर आपटलं, ते आधी बघा.

१ जानेवारी १८१८ ला कोरेगावला आपली माणसं कंपनीच्या पलटणीत लढली. स्तंभावरची ती 'नाक' लागलेली नावं आपण वाचतोच. पण पलटणीनं बंदुकीपेक्षा मोठी चीज दिली. अक्षर. शिपायांच्या पोरापोरींना छावणीत शाळा सक्तीची होती. गावात ज्याची सावली चालत नव्हती त्याच्या पोराच्या हातात इथं पाटी आली. रामजी सकपाळ सुभेदार झाले, महूच्या लष्करी शाळेत हेडमास्तर झाले. तिथंच १८९१ ला बाबासाहेब जन्मले.

आणि १८९२ च्या सुमारास साहेबाला 'लढाऊ जाती' सुचल्या. त्यात आपण नाही! कोरेगावचा दगड उभा नि भरती बंद. लष्करातून पेन्शनीत निघालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ ला अर्ज लिहिला. आम्ही मूळचे क्षत्रिय, असं त्यात मांडावं लागलं. आज वाचताना टोचतं. पण पोटावर पाय आलेला माणूस सरकारला कळेल तीच भाषा बोलणार ना? १९१० ला शिवराम जानबा कांबळ्यांनी पुन्हा मागितलं, पोलिसात घ्या, लष्करात घ्या. १९१७ ला महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली. १९२१ ला मोडलीसुद्धा. गरज सरो नि वैद्य मरो.

१९४१ ला बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी रेटा लावला. त्याच ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. आज तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे आणि तिच्यात सगळ्या जातींची पोरं असतात.

२०२२ पासून भरती चार वर्षांची. अग्निवीर. त्यातले फार तर पंचवीस टक्के पुढं कायम होणार, बाकीचे एकरकमी पैसे घेऊन घरी, पेन्शन नाही. रामजींना पेन्शन होती, तिच्यावर घर चाललं, भीमाची पुस्तकं आली.

मैदानावरच्या पोराला मी घड्याळातला वेळ सांगतो, मग विचारतो, बारावीचा फॉर्म भरलास का?