पिरानेसीच्या रोममधली माणसे

जोव्हान्नी बातिस्ता पिरानेसी (1720–1778) याने रोममधील वास्तू आणि अवशेष यांची जी 135 मोठी दृश्ये कोरली, त्यांत पडक्या कमानी आणि त्यांवर माजलेले रान यांच्या पसाऱ्यात वावरणारी चिमुकली माणसे पाहणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटतात. दृश्यात दुय्यम म्हणून घातलेल्या अशा आकृत्यांना युरोपीय कलाविचारात ‘स्टाफाज’ म्हणतात, आणि जागा जिवंत वाटावी व वास्तूच्या उंचीचा अंदाज यावा, एवढेच त्यांचे काम मानले जाते. पिरानेसीच्या बाबतीत ही समजूत अपुरी पडते.

त्याचे तंत्र अम्लरेखनाचे होते, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर लेप देऊन त्यावर सुईने रेषा ओढायच्या आणि उघडा पडलेला धातू आम्लाला खाऊ द्यायचा. चार-दोन तुटक फटकाऱ्यांत उभा राहिलेला, फाटक्या कपड्यांतला माणूस हात उंचावून कशाकडे तरी बोट दाखवतो, तेव्हा या तंत्राने हाताला दिलेली मोकळीक डोळ्यांत भरते; त्या हातवाऱ्यांत पिरानेसीने व्हेनिसमध्ये घेतलेल्या नेपथ्यकलेच्या शिक्षणाचा संस्कारही जाणवतो. परंतु या माणसांना मोजपट्टी समजणे धोक्याचे आहे, कारण अवशेष भव्य भासावेत म्हणून तो त्यांना पुष्कळदा मुद्दाम लहान काढतो.

उंचीच्या बाबतीत फसवणाऱ्या याच आकृत्या जमिनीच्या पातळीबद्दल मात्र मोलाची साक्ष देतात. कॅपिटोलाइन टेकडीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या तीन स्तंभांचे दृश्य या दृष्टीने फार बोलके आहे. त्या काळी ते स्तंभ गर्जणाऱ्या ज्युपिटरच्या देवळाचे समजले जात. प्रत्यक्षात ते सम्राट व्हेस्पाझियनच्या देवळाचे आहेत. चित्रात स्तंभांचा बराचसा भाग जमिनीत गडप झालेला असून, एरवी मान वर करून पाहावी लागणारी नक्षीदार स्तंभशीर्षे तिथल्या माणसांच्या डोक्यांपासून फारशी दूर राहिलेली नाहीत. ही चित्रकाराची अतिशयोक्ती नव्हे. शतकानुशतकांचा राडारोडा आणि टेकडीवरून घसरलेली माती साचून तेथील जमीन खरोखरच तेवढी वर आली होती. 19व्या शतकाच्या आरंभी ती माती उपसली गेली आणि स्तंभ बुंध्यापर्यंत मोकळे झाले, त्यामुळे पिरानेसीची माणसे ज्या जमिनीवर उभी होती, ती आज केवळ चित्रांतच पाहायला मिळते.