पाईच्या पारीवरची नक्षी

सणासाठी घरी फळांची पाई भाजताना वरच्या पारीवर पानं, वेली, चांदण्या नाहीतर कुणाच्या नावाचं अक्षर काढायची हौस हल्लीची आहे, रिकामा वेळ आणि हातातला कॅमेरा यांनी ती आणली, असं सर्रास म्हटलं जातं. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या न्यू इंग्लंडचा इतिहास पाहिला तर हे म्हणणं टिकत नाही. तिथल्या घरांत ही नक्षी कॅमेऱ्याच्या पुष्कळ आधीपासून आहे. तिचा उगम स्वयंपाकाच्या गरजेत आहे हे मान्य. पण गरज भागल्यावरही करणाऱ्या बाईचा हात थांबला नाही, आणि माझ्या मते या नक्षीचा खरा इतिहास तिथूनच सुरू होतो.

आधी गरज पाहू. सफरचंदात वजनाच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी असतं. भट्टीत ते उकळलं की वाफ पारीला खालून रेटते, आणि वाट मिळाली नाही तर पारी फाटते किंवा रस कडेनं उतू जाऊन करपतो. म्हणून वर चिरा द्यायच्या आणि कड दाबून बंद करायची. जुन्या घरांत भट्टी विटांची असे. आत लाकडं पेटवायची, विटा तापल्या की निखारे ओढून काढायचे आणि उरलेल्या धगीवर भाजायचं. एवढा खटाटोप दोन पाईंसाठी कोण करणार? थँक्सगिव्हिंग या सुगीनंतरच्या सणाच्या आधी भाजणं चालायचं ते घाऊकच. हॅरिएट बीचर स्टोव यांच्या 1869च्या ‘ओल्डटाउन फोक्स’ या कादंबरीत त्या तयारीचं सविस्तर चित्र आहे. पाईंचे ढीग उत्तरेकडच्या, ऊन न शिरणाऱ्या खोलीत गोठवून ठेवलेले असतात आणि त्यांतल्या काही थेट एप्रिलपर्यंत पुरतात. अशा ढिगात आतलं सारण सफरचंदाचं की मांस-मनुकांच्या मिन्समीटचं, हे पारी न फोडता कळायचं तर चिरांचीच खूण करणं सोयीचं. पण स्टोव फक्त पाईंचे प्रकार सांगून थांबत नाहीत. झाकणाच्या, बिनझाकणाच्या, चुण्या घातलेल्या, आडव्यातिडव्या पट्ट्यांच्या अशा पाईंची त्या यादी देतात आणि त्यात बायकांच्या कल्पकतेचा बहर पाहतात. खुणेपुरतं काम असतं, तर या बहराचं कारणच उरलं नसतं.

कादंबरी हा पुरावा कच्चा वाटत असेल तर वस्तू पाहाव्यात. नॅन्टकेट आणि न्यू बेडफर्ड ही न्यू इंग्लंडमधली, एकोणिसाव्या शतकातली व्हेलच्या शिकारीची मोठी बंदरं. तिथली जहाजं तीन-तीन, चार-चार वर्षं बाहेर असत, आणि शिकार नसलेल्या लांबलचक दिवसांत खलाशी व्हेलच्या दातांवर आणि हाडांवर कोरकाम करत. त्यांनी घरच्यांसाठी केलेल्या वस्तूंत पाईची कातणी भरपूर आहेत. न्यू बेडफर्डच्या व्हेलिंग म्युझियममध्ये ती जपून ठेवलेली आहेत. आपल्याकडे करंजीची कड कापायला असतं तसंच हे कातणं, दांड्याच्या टोकाला नागमोडी धारेचं फिरतं चाक. फरक कामाच्या नाजूकपणाचा. टणक दातातून चाक घासून गोल करायचं, कडेला सारख्या अंतरानं खाचा पाडायच्या, मधल्या आसावर ते अडखळणार नाही असं बसवायचं. दांडा कधी सापासारखा वळलेला, कधी मिटलेल्या मुठीच्या आकाराचा. कित्येक कातण्यांना दोन-तीन दातांचा बारीक काटाही असतो. तो पारीला वाफेची भोकं पाडायचा. कड नुसती कापायची तर सुरी पुरे. नागमोडी धार हवी, तीही व्हेलच्या दाताच्या चाकानं, असं वाटण्याइतकी कडेच्या देखणेपणाला घरात किंमत होती.

यावर कुणी म्हणेल, ही कातणी शोभेचीच असणार. त्यांतल्या पुष्कळांना पीठ कधी लागलंही नसेल. काहींच्या बाबतीत ते खरं असेल. तरी प्रश्न उरतोच: समुद्रावर वर्षानुवर्षं असलेल्या माणसाला भेट म्हणून दुसरं काही न सुचता पाईचं कातणं का सुचावं? सणाला घरी काय चाललं असेल याचं जे चित्र त्याच्या मनात होतं, त्यात पाईची कड नक्कीच होती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ही सगळी हौस इंग्लंडच्या उमरावांकडून झिरपत आली, असं म्हणता येतं. रॉबर्ट मे याच्या 1660च्या पाकपुस्तकात पाईंच्या आकारांची चित्रं आहेत. पिठाचं हरीण करून त्याच्या कुशीतला बाण उपटला की आतली लाल वाइन वाहील, असा मेजवानीचा खेळही आहे. पुढे लंडनमध्ये एडवर्ड किडर यानं बायकांना पेस्ट्री शिकवण्याच्या शाळा चालवल्या आणि झाकणांचे नमुने छापले. म्हणजे वरून खाली वाट होती, हे मी नाकारत नाही. पण मे याचं हरीण पाहण्यासाठी होतं. घरातली पारी मात्र लोण्याची किंवा चरबीची, खुसखुशीत, शेवटच्या तुकड्यापर्यंत खायची. तिच्यावरची वेल तासाभरात ताटात मोडणार हे करणारीला ठाऊक असे, आणि तरी ती काढत असे.

शिवाय न्यू इंग्लंडचा हा समाज सजावटीचा भोक्ता नव्हता. तिथल्याच मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंगांचा दंड लावणारा कायदा झाला. तो 1681मध्ये रद्द झाला, पण नाताळबद्दलची अढी पुढेही बराच काळ राहिली. प्रार्थनेच्या घरांत मूर्ती नाही, रंगीत काच नाही. सणाचं सगळं गोडधोड थँक्सगिव्हिंगभोवती गोळा झालं. जिथे भिंतीवर चित्र चालत नव्हतं तिथे खाऊन संपणारं चित्र चालत होतं, आणि बायकांनी ती जागा पुरेपूर वापरली असं मला वाटतं.

सगळ्यात बळकट पुरावा भोपळ्याच्या पाईचा. अमेलिया सिमन्स यांच्या 1796च्या पाकपुस्तकात ती आहे. सारा जोसेफा हेल यांच्या 1827च्या ‘नॉर्थवुड’ कादंबरीत थँक्सगिव्हिंगच्या जेवणात तिला मानाचं स्थान आहे. हिला झाकणच नसतं. वाफ सोडायची नाही, सारण ओळखायचं नाही. ते तर समोर उघडंच असतं. गरजेची दोन्ही कारणं इथे संपतात. तरीही कडेला मुरड घातली जाते आणि उरलेल्या पिठाची पानं कापून वर मांडली जातात. कच्ची पानं ओल्या सारणावर ठेवली तर ती बुडतात किंवा गिच्च होतात, म्हणून ती ताटलीत वेगळी भाजून, पाई निवल्यावर एकेक करून ठेवावी लागतात.