जाण्याची तार, येण्याची तार

हेडफोन लावून गाणं ऐकताना त्याच्या तारेकडे आपलं लक्ष जात नाही. काही हौशी मंडळी मात्र नेमकी ही तार कापतात, तिचा प्लग बदलतात आणि ‘हेडफोन बॅलन्स्ड केला’ असं अभिमानानं सांगतात. हे प्रकरण काय आहे, ते कळायला जवळजवळ दीडशे वर्षं मागं जायला हवं.

ग्रॅहॅम बेलचा टेलिफोन १८७६ सालचा. सुरुवातीला त्याला एकच तार असे. वीज तारेतून जायची आणि जमिनीतून परत यायची. तारायंत्रापासून चालत आलेली ही काटकसर टेलिफोनला महागात पडली. शेजारच्या तारांची कटकट कानात येई. पुढे विजेच्या ट्राम आल्या. अमेरिकेतल्या रिचमंड शहरात त्या १८८८ मध्ये धावू लागल्या. ट्रामची वीजही रुळांतून, जमिनीतून परतायची. त्यामुळे ट्राम आली, की टेलिफोनमध्ये घरघर आलीच!

उपाय बेलनं १८८१ च्या पेटंटातच सांगून ठेवला होता. परतीसाठी दुसरी तार घ्या आणि दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ द्या. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो. बोलणं मात्र एकीतून जातं, दुसरीतून येतं. यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा ऐकतं. सारखं असेल ते वजा होतं. बॅलन्स्ड म्हणजे समतोल, तो हा.

टेलिफोन एक्स्चेंजमधले ऑपरेटर जो पाव इंची प्लग खोचत, त्याचं टोक आणि त्यामागची कडी या दोन तारांसाठीच होती. १९५८ मध्ये अमेरिकेत जॉन कॉस यांनी स्टिरिओ हेडफोन आणला. स्टिरिओसाठी तोच तीन संपर्कांचा प्लग रूढ झाला. टोकावर डावा कान, कडीवर उजवा आणि दोघांची परतीची वाट एकच. पुन्हा काटकसर!

हौशी माणूस ही सामाईक वाट मोडतो. जुना प्लग काढून चार पिनांचा एक्सएलआर प्लग जोडतो. दोन पिना डाव्या कानाच्या, दोन उजव्या. मात्र कानांपासून प्लगपर्यंत चार सुट्या तारा असतील तरच हे जमतं. नाहीतर हेडफोन उघडून नवी तार ओढावी लागते. शिवाय बॅलन्स्ड अ‍ॅम्प्लिफायरच्या परतीच्या तारांतही आवाजाची वीज असते. त्या दोन तारा एकत्र जोडल्या, तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो.

एवढं करून मिळतं काय? गोंगाट जात नाही, कारण हेडफोनच्या लहानशा तारेत तो ऐकू येण्याइतका सहसा नसतोच. डाव्या कानातला तबला सामाईक तारेतून उजव्या कानात किंचित झिरपतो, ते थांबतं. अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही बाजूंनी जोर लावत असल्यानं आवाजही वाढतो आणि इथंच कान फसतो. जो आवाज जरासा मोठा, तोच आपल्याला अधिक स्वच्छ, अधिक सुरेल वाटतो.

म्हणून खर्च करण्यापूर्वी दोन्हीकडचा आवाज सारखा करून ऐका. सारखं ते वजा करून पाहायचं, ही बेलचीच रीत. मग फरक जाणवला, तर पैसे सार्थकी लागतील. नाही जाणवला, तर जुना प्लगच बरा.