उपरी आणि मिरासदार

कडोदऱ्याच्या चार रस्त्यावर उभे राहिले की दोन वाटा एकमेकींना छेदताना दिसतात. एक मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा राजमार्ग, जुना आठ क्रमांकाचा, आताचा अठ्ठेचाळीस. दुसरा सुरतेहून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करीत धुळ्याकडे जाणारा, जुना सहा, आताचा त्रेपन्न. पहिल्या वाटेने व्यापार येतो. दुसऱ्या वाटेने गेली पन्नासेक वर्षे खानदेश येत राहिला आहे. कापडाच्या गिरण्यांत, रंगाईच्या कारखान्यांत, आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाच्या फडांत. आम्ही मात्र तिसऱ्याच वाटेने आलो, म्हणजे इतिहासाच्या. आमचे पूर्वज गायकवाडी अमलात वसुलीच्या वा कारकुनीच्या निमित्ताने या मुलखात आले आणि येथलेच झाले. निदान आम्ही तसे समजतो. ते नेमके कधी झाले, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या संमतीने, हा प्रश्न आमच्या घरांत कधी कोणी विचारला नाही.

आपल्या पूर्वजांच्या गावगाड्यात मात्र हा प्रश्न मोघम नव्हता. मराठी गावात जमीन कसणारे दोन वर्गांचे असत. मिरासदार, ज्याला थळकरी असेही म्हणत, तो वंशपरंपरेने जमिनीचा धनी. ती त्याला विकता येई, गहाण टाकता येई, आणि दुष्काळात परागंदा झाला तरी परत येऊन तिच्यावर हक्क सांगता येई. दुसरा उपरी, म्हणजे बाहेरून आलेला. करार असेल तोवर जमीन कसणारा. त्याच्यावर सरकारचा बोजा काही वेळा हलका असे, परंतु गोतसभेत त्याला शब्द नव्हता आणि सणावारी मानपानात वाटा नव्हता. काळी, म्हणजे शेतजमीन, त्याला मिळे; पांढरी, म्हणजे गावठाण आणि त्यावरचे माणूसपण, मिळेलच असे नव्हे.

तरीही दार बंद नव्हते, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. एखाद्या मिरासदाराचा वंश खुंटला की त्याची जमीन गतकुळाची होई. ती पाटील आणि गावकरी उपऱ्याला मोबदला घेऊन देऊ शकत. साक्षीदार बसत, मिरासपत्र लिहिले जाई, पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने उपभोग घ्यावा असा मजकूर त्यात येई, आणि काल उपरी असलेला आज मिरासदार म्हणून उठे. तेथे वर्षे मोजण्यापेक्षा गावाने बसून ठरवण्याला अधिक महत्त्व होते. गावाने ठरवायचे म्हणजे गावातल्या हेव्यादाव्यांनीही ठरायचे, हे उघड आहे. जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. परंतु सीमा कोठे आहे आणि ती कशी ओलांडायची, हे येणाऱ्याला ठाऊक होते.

निजामाच्या राज्यात याच प्रश्नाला कागदी उत्तर शोधले गेले. तेथे नोकरीसाठी मुलकी ठरायचे तर पंधरा वर्षांचा रहिवास हवा होता, आणि त्याबरोबर मूळ गावी परतण्याचा विचार सोडला असल्याचे प्रतिज्ञापत्र. या दुसऱ्या अटीपाशी आम्ही नेहमी अडखळतो. मिरासदाराचा मोठेपणा असा की तो गेला तरी परत येऊ शकतो. मुलकीचा असा की तो परत जाणार नाही. स्थिरावणे म्हणजे मागचे दार लावून घेणे असेल, तर आमच्यापैकी किती कुटुंबे खरोखर स्थिरावली? कुलदैवत जेजुरीला किंवा तुळजापुरास, लग्नाची मुलगी पुण्याकडची, आणि भाजीला मात्र शाक म्हणायचे!

गायकवाडांचेच पाहा. अठराव्या शतकाच्या आरंभी पिलाजीरावांनी सोनगड हाताशी धरला आणि सुरत अठ्ठाविशीतल्या वसुलावर हक्क सांगितला, तेव्हा ते या भूमीला घोडेस्वार म्हणून ठाऊक होते. सुरतेला तर मराठ्यांची ओळख 1664 आणि 1670 च्या स्वाऱ्यांची. पाहुणा म्हणून यापेक्षा वाईट ओळख कल्पिणे कठीण. त्याच घराण्यात 1875 मध्ये नाशिककडच्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा, अक्षरओळख नसलेला मुलगा दत्तक आला. त्याला मराठीबरोबर गुजराती शिकवली गेली. पुढे सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात आणि 1906 मध्ये सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. बडोद्याच्या नवसारी प्रांतात पलसाणा तालुकाही होता. म्हणजे कडोदऱ्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या शाळांना त्या हुकुमाचा वारसा आहे. राज्यकर्ता परका राहिला नाही, तो या शाळांमुळे. तलवारीने जे दीडशे वर्षांत झाले नव्हते ते पाटीने तीस वर्षांत केले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण फार नाही.

आणि तरी दरबारी माणूस व सामान्य माणूस यांत अंतर राहतेच. बडोद्यात मराठी माणसाला दक्षिणी म्हणत. शब्द सौम्य आहे, पण तो दिशा सांगतो: तू तिकडचा.

या दिशेवर मात करणारे सर्वांत ठळक उदाहरण काकासाहेब कालेलकरांचे. जन्म 1885 मध्ये साताऱ्याचा. ऐन तारुण्यात ते बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात आले. ते बंद पडले. हिमालय, मग शांतिनिकेतन, तेथे 1915 मध्ये गांधीजींची भेट आणि मग साबरमती. गुजराती ही त्यांची घरची भाषा नव्हती. तरी 1929 मध्ये गुजरात विद्यापीठाचा जोडणीकोश निघाला, म्हणजे गुजराती शब्द कसे लिहावेत हे ठरले, तेव्हा त्या कामातल्या प्रमुख मंडळींत हा मराठी माणूस होता. गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले. पुढे 1965 मध्ये साहित्य अकादमीचे पारितोषिक त्यांना मिळाले ते गुजराती ग्रंथासाठी.

सवाई म्हणताच आम्हाला सवाई माधवराव आठवतात. शब्द मानाचा आहे. परंतु त्याचा हिशेबही पाहावा. सवाई म्हणजे एक आणि पाव. जन्माने गुजराती असलेल्याला एक असणे पुरते. बाहेरून आलेल्याला सव्वा व्हावे लागते, तेव्हा कोठे तो एक धरला जातो. दादासाहेब मावळंकरांचे कुळ रत्नागिरीकडचे. ते अहमदाबादेत वकील झाले, तेथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, तुरुंगातल्या अनुभवांवर गुजरातीत लिहिते झाले आणि 1952 मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्षही. अशी नावे आम्ही अभिमानाने घेतो. पण रंगाईच्या कारखान्यात बारा तास उभा राहणारा शिंदखेड्याचा तरुण जोडणीकोश कधी करायचा?

उलट बाजूचे एक उदाहरण आम्हाला अधिक समाधान देते. नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता 9 सप्टेंबर 1942 रोजी तिरंगा हाती घेऊन गोळीला सामोरा गेला. घर गुजराती, भाषा गुजराती. त्याला नंदुरबारकरांनी कधी उपरी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. भर चौकात त्याचे स्मारक आहे. सव्वा आणि एक असा हिशेब तेथे कोणी मांडला नाही. अर्थात त्यासाठी त्या पोराला प्राण द्यावे लागले, हेही विसरता येत नाही.

येथवर आम्ही इतरांविषयी बोललो. आता आमच्याविषयी. 1949 मध्ये बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, 1960 मध्ये राज्ये वेगळी झाली, आणि आम्ही जुनी घराणी दोन्हींकडे थोडी उपरीच ठरलो. त्यानंतर खानदेशातून मोठी वस्ती आली. लिंबायत, उधना, पांडेसरा आणि आता कडोदरा. त्यांच्या अहिराणीला आमच्यापैकी काहींनी मराठी म्हणायलाही कुरकुर केली. गणेशोत्सवाची वर्गणी त्यांच्याकडून घेतली, कार्यकारिणीत मात्र घेतले नाही. हे गावगाड्याच्या भाषेत सांगायचे तर आम्ही मिरासदार झालो ते गुजरातचे नव्हे, सुरतेतल्या मराठीपणाचे. आणि गोतसभेत बसून उपऱ्यांची वाट अडवली.

त्यात एक गंमत आहे. सुरतेतील महापालिकेच्या मराठी शाळांचे वर्ग भरतात ते प्रामुख्याने या खानदेशी मुलांमुळे. आमची नातवंडे इंग्रजी शाळांत जातात. ज्या भाषेचे आम्ही मानकरी म्हणवतो ती वाचायला उद्या कोणी उरले, तर ते यांच्याच घरांतले असेल.

मागच्या माघात आम्ही कडोदऱ्याजवळच्या ऊसतोडणी कामगारांच्या पडावावर गेलो होतो. एका बाईंना विचारले, तुम्ही कुठल्या? त्यांनी धुळ्याकडच्या गावाचे नाव सांगितले, आणि लगेच आम्हालाच विचारले, ‘आन् तुम्ही, दादा?’ आमच्या चार पिढ्या येथे गेल्या आहेत, हे सांगताना आम्ही जरासे थबकलो. कारण तोंडाशी आले होते ते वाईजवळच्या एका खेड्याचे नाव, जेथे आमचे आता घरही नाही.

आपल्या मंडळाच्या सभासद-नोंदवहीत आजीव आणि साधारण असे दोन स्तंभ आहेत. मतदानाचा हक्क पहिल्याच स्तंभाला, आणि त्यात नाव येण्यासाठी दोन जुन्या सभासदांची शिफारस लागते. गेल्या पंधरा वर्षांत कडोदरा-पलसाण्याकडून एकही शिफारस झालेली नाही. येत्या वार्षिक सभेत आम्ही सात नावे मांडणार आहोत. शिफारशीच्या जागी आमची एक सही झाली आहे. दुसरी हवी आहे.