मुंबईची पंगत

मुंबईत नव्याने आलेला माणूस पहिला प्रश्न जागेचा विचारतो आणि दुसरा जेवणाचा. बरे, स्वस्त आणि पोटभर कुठे मिळेल? गावचा ओळखीचा माणूस एखाद्या गल्लीचे नाव सांगतो आणि त्या दिवसाची चिंता मिटते. या साध्या प्रश्नाला दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. शाळेच्या पुस्तकांत मात्र तो सापडत नाही. तह आणि सनावळ्या यांच्या गर्दीत भाकरीला जागा कुठून मिळणार? पण शहर कसे वसले हे समजून घ्यायचे तर त्यातली माणसे कुठे जेवली, कोणाच्या शेजारी बसून जेवली आणि त्या जेवणाचा भार कोणी उचलला, हे विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला तिचे यंत्र फिरू लागले. मग गिरण्यांची रांगच लागली आणि त्यांच्यामागोमाग कोकणातून व घाटावरून माणसे आली. आली ती बहुतेक एकटी. बायकापोरे गावी शेतीवर, आणि कर्ता पुरुष लालबाग-परळच्या चाळीत. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईतल्या बायकांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून फारशी अधिक नव्हती, ती यामुळेच. गावकीच्या एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या माणसांना चूल मांडायला ना जागा होती ना उसंत. त्या गरजेतून खाणावळ उभी राहिली.

खाणावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. चाळीतलीच एक खोली, तिच्यात एक बाई, आणि तिच्याकडे महिन्याच्या बोलीने जेवणारी दहा-वीस माणसे. नवऱ्याच्या पगारात भागत नाही म्हणून, नाहीतर नवराच उरला नाही म्हणून तिने हा धंदा पत्करलेला. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत तिच्या भाकऱ्या थापून तयार हव्यात, आणि रात्रपाळीचा माणूस परतला तर त्याचे ताट झाकून ठेवलेले हवे. पैसे मिळायचे ते गिरणीचा पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी तिच्या नावावर, आणि वाणी अडून बसला तर तिच्या अंगावरचा डाग सावकाराकडे. जेवण स्वस्त होते याचे इंगित हे होते. तिच्या श्रमाचे मोल त्या दरात कोणी धरलेलेच नव्हते.

या खोलीत कोण बसेल हेही ठरलेले असे. मालवणचा माणूस मालवणच्या बाईकडे जाई, साताऱ्याचा साताऱ्याच्या. आणि मुलखाच्या आत पुन्हा जात. ज्या काळी पुण्यात पंचहौद मिशनमधल्या १८९० सालच्या चहापायी टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य झाले, त्या काळी मुंबईत एका ताटाच्या शेजारी दुसरे कोणाचे ताट मांडायचे हा क्षुल्लक प्रश्न नव्हता. ब्राह्मणांची उपाहारगृहे आपली जात पाटीवरच लिहीत. गिरणीतही तेच. विणकाम खात्यात पगार अधिक, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगाराला तिथे मज्जाव. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा अन्याय मांडला. ताटावरचा विटाळ यंत्रापर्यंत पोचला होता.

या भिंतीला पहिली फट पाडली ती एका परक्याने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातल्या याझ्द आणि केरमान भागांतून जरथुश्त्री माणसे मुंबईस येऊ लागली आणि त्यांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर दुकाने थाटली. कोपऱ्याची जागा अपशकुनी म्हणून हिंदू दुकानदार घेत नसत, इराण्याला ती सहज मिळाली, असे सांगतात. १९०४ चे कयानी आणि १९१४ चे बी. मेरवान ही त्यांतली ठळक नावे. गोल संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, एक चहा आणि एक मस्कापाव. एवढ्यावर तासभर बसले तरी कोणी उठा म्हणत नसे. सगळे भेद तिथे विरघळले असे कोणी समजू नये. पण खाणावळीत आधी गाव आणि जात सांगून आत यावे लागे, इथे आणे खिशात असले की पुरे. पंगतीची जागा टेबलाने घेतली, ही गोष्ट दिसते त्याहून मोठी आहे.

पुढे दक्षिण कानड्यातून उडप्यांचे हॉटेल आले. माटुंग्याच्या रामा नायकांनी १९४२ साली जेवणघर काढले आणि मद्रासी कारकुनांबरोबर मराठी कारकूनही सांबार-भात जेवू लागला. घटनेच्या १५ व्या कलमाने उपाहारगृहांचा दरवाजा सर्वांना मोकळा केला आणि १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने तो अडवणे गुन्हा ठरवला. कायद्याने मने बदलतात असे नाही. पण पाट्या उतरतात, आणि तेही काही थोडे नव्हे.

भाराचा प्रश्न मात्र तसाच राहिला. कामगार संपावर गेला की खाणावळवाली त्याला उधारीवर जेवू घाली. तो संपकरी म्हणून गाजे. ती कर्जबाजारी होई आणि तिचे नाव कोठेही येत नसे. हे पाहून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या बायकांना सावकाराऐवजी बँकेच्या दारात उभे केले. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या या बाईंनी खाणावळवालीला कामगार मानले, हेच मुळी नवे होते. पुढे १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्यांची धुराडी एकामागून एक थंडावली आणि ताटे मांडायला माणसेच उरली नाहीत.

माणसाच्या हातात आता ताटाऐवजी वडापाव आला. दादर स्टेशनाबाहेर १९६६ साली अशोक वैद्यांनी तो सुरू केला असे मानले जाते. बटाटा आणि पाव हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले. एके काळी पाव खाल्ला म्हणून माणूस बाटत असे, तोच पाव मराठी माणसाची खूण ठरला! उभ्याने खायचे असल्यामुळे शेजारी कोण हा प्रश्नही संपला. पण गाडीवाल्याच्या स्वस्ताईलाही किंमत आहेच. ती तो उन्हात उभा राहून भरतो.

सरकारनेही हात घालून पाहिला. १९९५ साली रुपयात झुणका-भाकर मिळू लागली. मोक्याच्या जागा दिल्या गेल्या, पण रुपयात भाकरी परवडेना आणि अनेक केंद्रांवर भलतेच पदार्थ विकले जाऊ लागले. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी निघाली तेव्हा शहरातल्या थाळीचा खर्च पन्नास रुपये धरून वरचे चाळीस सरकारने द्यायचे ठरवले. योजनेचे गुणदोष काहीही असोत, पण स्वस्त ताटाची तूट किती आणि ती कोणाच्या माथी, हे येथे निदान कागदावर लिहिले गेले. लालबागच्या खोलीतल्या त्या बाईच्या बाबतीत हा आकडा कोणी मांडला नाही. तिच्या पदराला लागलेली ती तूट एवढ्या मोठ्या शहराच्या जमाखर्चात अजून नोंदवायची राहिली आहे.